रंगात मांडलेला हिशेब



जयंती जवळ आली की आमच्या वस्तीत फ्लेक्सचा विषय निघतो. यंदाही निघाला. विहारात बैठक बसली, पावतीपुस्तके वाटून झाली, आणि मग फ्लेक्सवर कोणाकोणाचे फोटो घ्यायचे, कोणाचा मोठा आणि कोणाचा लहान, यावर दीड तास गेला. आम्ही पडलो कारकून माणूस. इतिवृत्त लिहिण्याचे काम नेहमी आमच्याच गळ्यात असते. त्या दीड तासाचे इतिवृत्त आम्ही एका ओळीत आटोपले आणि घरी आलो.

घरी आमची धाकटी, जी सध्या ए.टी.डी.चा अभ्यासक्रम करते, जमिनीवर ड्रॉइंग शीट पसरून बसली होती. शीटवर वरून खाली तिरप्या उतरत गेलेल्या तीन सरळ रेषा होत्या. एक हिरवी, एक निळी, एक पिवळी. आणि त्यांच्या टोकाला एक जाडजूड लाल रेषा, गोल गोल गुंडाळत आत गेलेली. आम्हाला वाटले पोरीने चकली काढली आहे, नाहीतर डासांची अगरबत्ती. तसे बोलूनही गेलो. ती म्हणाली, "पप्पा, चकली नाही ती. ती सात लाख माणसं आहेत. नीट बघा ना."

मग चष्मा पुसून नीट पाहिले. ते चित्र म्हणजे एक आलेख होता. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात १८९० च्या जनगणनेनुसार कृष्णवर्णीय लोक कोठे राहत होते याचा. दहा हजारांपेक्षा मोठ्या शहरांत ७८,१३९. पाच ते दहा हजारांच्या शहरांत ८,०२५. अडीच ते पाच हजारांच्या गावांत ३७,६९९. आणि खेड्यापाड्यांत ७,३४,९५२. ती लाल चकली म्हणजे ही शेवटची संख्या. सवयीने आम्ही बेरीज करून पाहिली. ८,५८,८१५ भरली. जॉर्जियातील कृष्णवर्णीयांची त्या जनगणनेतील एकूण संख्या हीच आहे. एक माणूस इकडेतिकडे नाही.

मूळ तक्ता १९०० सालचा. तो डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस या प्राध्यापकाने आणि अटलांटा विद्यापीठातील त्यांच्या विद्यार्थ्यांनी हाताने काढला. मुलीच्या सरांनी वर्गात तो दाखवला होता व नक्कल करायला दिली होती. त्या रात्री आम्ही बापलेकींनी मोबाईलवर एकामागून एक असे सगळे तक्ते पाहिले आणि जेवणे साडेदहाला झाली. वाचकांना त्यातले काही सांगितल्याशिवाय आम्हाला चैन पडणार नाही, म्हणून आजचे हे सदर.

बी.कॉम.ला असताना संख्याशास्त्राच्या पेपरात आम्हीही आलेख काढले आहेत. एक सेंटिमीटरला अमुक हजार असे प्रमाण घ्यायचे, स्तंभ उभे करायचे, पेन्सिलीने छायांकन करायचे. एखादा आकडा फारच मोठा निघाला आणि स्तंभ कागदाबाहेर जाऊ लागला, तर तो मध्येच तोडून दोन नागमोडी रेघा मारायच्या, असे आम्हाला शिकवले होते. येथे खेड्यातली संख्या मोठ्या शहरांतल्या संख्येच्या नऊ पटींहून जास्त. आम्ही असतो तर रेषा तोडली असती. डु बॉइस यांनी ती तोडली नाही, गुंडाळली. मोजलेले सगळे माणूस कागदावर राहिले. आणि गुंडाळल्यामुळे लांबूनच कळते की बहुतेक समाज अजून खेड्यात, दुसऱ्याच्या शेतात आहे. शहरात आला तो थोडा. संख्येचे प्रमाण शाळकरी पट्टीने मोजता येणार नाही हे खरे. संख्याशास्त्राचे एखादे कडक मास्तर या तक्त्याला मार्क देणार नाहीत. पण हे चित्र पाहणारा ते विसरत नाही. आमच्या पेपरातले स्तंभ आम्हालाच आठवत नाहीत.

आता हे सारे कशासाठी काढले ते सांगितले पाहिजे.

१४ एप्रिल १९०० रोजी पॅरिस शहरात एक प्रचंड जागतिक प्रदर्शन उघडले. तारीख वाचून आम्हीही क्षणभर थांबलो. त्याच दिवशी बाबासाहेबांना नऊ वर्षे पूर्ण झाली. प्रदर्शन १२ नोव्हेंबरला मिटले, आणि त्याआधी पाचच दिवस, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाचे नाव दाखल झाले. हा निव्वळ योगायोग आहे. आपण शकुन मानणारी माणसे नव्हेत. तारखा लक्षात राहायला बऱ्या, एवढेच.

त्या प्रदर्शनाला सुमारे पाच कोटी लोकांनी भेट दिली. विजेचे दिवे, मोठमोठी यंत्रे, सरकते रस्ते, सगळा थाट होता. आणि त्याच प्रदर्शनात युरोपीय साम्राज्यांच्या वसाहतींची दालनेही होती. आफ्रिकेतून आणलेली माणसे तेथे खोट्या झोपड्यांसमोर 'पाहायला' ठेवलेली होती. काळा माणूस म्हणजे रानटी, मागासलेला, प्रगतीला नालायक, असे युरोप-अमेरिकेतील विद्वानही पुस्तके लिहून सांगत असत. अशा ठिकाणी आपल्या समाजाची खरी स्थिती आपणच मांडावी असे थॉमस कॅलोवे या कृष्णवर्णीय गृहस्थाने मनावर घेतले. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी शब्द टाकला. अमेरिकी संसदेने पंधरा हजार डॉलर मंजूर केले. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये, साहाय्यक ग्रंथपाल असलेले डॅनियल मरे यांनी कृष्णवर्णीय लेखकांची पुस्तके गोळा केली. आणि आकड्यांचे काम कॅलोवे यांनी आपल्या कॉलेजमधल्या मित्राकडे दिले. तो मित्र म्हणजे डु बॉइस. वय एकतीस-बत्तीस. हार्वर्डचा डॉक्टर. बर्लिनलाही शिकून आलेला.

हातात वेळ काही महिन्यांचा. पैसा बेताचा. छपाईची सोय नाही. तेव्हा सगळे हाताने. आपल्याकडे चित्रकलेच्या दुकानात जो मोठा इम्पिरियल कागद मिळतो, साधारण तेवढे कागद. शाई, पेन्सिल आणि जलरंग. रंग तरी कोणते? तांबडा, हिरवा, पिवळा, निळा, काळा, तपकिरी. अक्षरेही हाताने काढलेली, काही तक्त्यांवर इंग्रजीच्या जोडीला फ्रेंच. असे साठाहून थोडे अधिक तक्ते तयार झाले. अर्धेअधिक एकट्या जॉर्जिया राज्याचे, बाकीचे साऱ्या देशाचे. मदत करणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी विल्यम अँड्र्यू रॉजर्स हे एक नाव आज माहीत आहे. बाकीचे हात निनावी राहिले.

काही ठिकाणी नीट पाहिले तर पेन्सिलीच्या खुणा दिसतात, रंग रेषेबाहेर गेलेला दिसतो. आमची मुलगी त्यावरच जास्त खूश झाली. ती म्हणाली, "पप्पा, यांचाही ब्रश सटकलाय."

आज जाणकार लोक सांगतात की जर्मनीतील बाऊहाऊस या प्रख्यात कलाशाळेने आणि युरोपातील आधुनिक चित्रकारांनी सपाट रंगांच्या चौकटी, वर्तुळे आणि रेषा यांची जी भाषा पुढे आणली, तिच्याशी हे तक्ते फार जवळचे दिसतात. बाऊहाऊस निघाले १९१९ साली. हे तक्ते त्याआधी एकोणीस वर्षांचे. आम्हाला कलेतले फारसे कळत नाही, म्हणून आम्ही एवढीच नोंद करून पुढे जातो.

आम्हाला कळतो तो जमाखर्च. आणि या तक्त्यांतले आमचे सर्वांत आवडते पान जमाखर्चाचेच आहे. अटलांटा शहरातील १५० कृष्णवर्णीय कुटुंबांचे उत्पन्न व खर्च. वर छोटी छायाचित्रे चिकटवली आहेत. खाली उत्पन्नाच्या गटांप्रमाणे आडव्या पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीचे पाच रंगांत भाग. घरभाडे, अन्न, कपडे, कर, आणि इतर खर्च व बचत. भाड्याचा रंग काळा. सर्वांत गरीब गटाचे सरासरी वार्षिक उत्पन्न १३९ डॉलर १० सेंट. त्यातले भाड्याला १९ टक्के, अन्नाला ४३, कपड्यांना २८, करांना ९.९. मग 'इतर'ला किती उरले? ०.१ टक्का. आम्ही गणित करून पाहिले. वर्षाला चौदा सेंट. या 'इतर'मध्ये काय काय येते तेही तक्त्यावर लिहिले आहे. धर्म, कला, शिक्षण, आजारपण, बचत, करमणूक, पुस्तके-वर्तमानपत्रे, प्रवास. एवढे सगळे चौदा सेंटांत!

जसजसे उत्पन्न वाढते तसतशी 'इतर'ची पट्टी रुंदावत जाते. हजार डॉलरच्या वरच्या गटात ती निम्म्याहून अधिक झाली आहे. आणि काळी पट्टी? वरच्या दोन गटांत ती नाहीच. घरे स्वतःची झाली. भाडे सुटले.

हे पान आम्ही सौभाग्यवतींना दाखवले. त्यांचे शिक्षण सातवी, पण घरचे बजेट गेली वीस वर्षे त्याच सांभाळतात. त्यांनी पट्टीवर बोट फिरवले आणि विचारले, "यात रॉकेल-लाकूडफाटा कुठं धरलाय?" आम्ही म्हणालो, इतर खर्चात असेल. तर त्या म्हणाल्या, "अहो, इतर म्हणजे चौदा सेंट ना? तेवढ्यात वर्षभर चूल पेटते होय?" आम्हाला उत्तर देता आले नाही. तक्ताही त्यावर गप्प आहे. मोठ्या विद्वानांच्या कागदालाही चूल चालवणाऱ्या बाईने तपासलेले बरे असते, हे त्या रात्री पटले.

दुसरे एक पान घरातल्या सामानसुमानाचे. जॉर्जियातील कृष्णवर्णीय घरांतील फर्निचर व स्वयंपाकघरातील वस्तू यांची कर-आकारणीची किंमत. १८७५ साली २१,१८६ डॉलर. १८८० साली ४,९८,५३२. १८९० साली ११,७३,६२४. १८९९ साली १४,३४,९७५. येथेही गोल गोल वळसे आहेत. प्रत्येक सालाचा रंग वेगळा, आणि पाहताना शंखाच्या आतल्या घड्या पाहिल्यासारखे वाटते. आता खाट, टेबल, तवा, पातेली यांत असे काय आहे, असे कोणी म्हणेल. ज्यांच्या आजोबांच्या घरी मातीचे मडके आणि गोधडी याशिवाय काही नव्हते, त्यांनी तरी तसे म्हणू नये. गुलामगिरीत माणूस स्वतःच दुसऱ्याच्या मालमत्तेच्या यादीत असे. त्याच्या नावावर खाट कोठून असणार?

हे आकडे मिळाले कोठून, तेही लक्षात घेण्यासारखे आहे. जॉर्जियाचे कर-दप्तर गोऱ्यांची आणि काळ्यांची मालमत्ता वेगवेगळ्या रकान्यांत नोंदवीत असे. रकाना वेगळा काढला तो बरोबरीने वागवण्यासाठी खासच नव्हे. पण डु बॉइस यांनी तोच रकाना उतरवून घेतला. त्यावरून दाखवले की जमीन १८७४ साली ३,३८,७६९ एकर होती ती १८९९ साली १०,६२,२२३ एकर झाली. सरकारी दप्तरात वेगळे पाडल्याची जी खूण होती, तीच पुरावा म्हणून उलटी फिरवली. आम्ही दप्तरात आयुष्य घालवले आहे, त्यामुळे या युक्तीला आमचा विशेष सलाम.

शाळेचा तक्ताही असाच. जॉर्जियातील सार्वजनिक शाळांत नाव असलेली कृष्णवर्णीय मुले. १८६० साली सात. हजार नव्हे, शेकडा नव्हे, सात. १८७० साली १०,३५१. १८९७ साली १,८०,५६५. आणि निरक्षरतेच्या एका पानावर अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची पट्टी युरोपातील देशांच्या रांगेत ठेवली आहे. ती लाल, बाकीच्या हिरव्या. रशिया, सर्बिया व रुमानिया या देशांतील निरक्षरता तिच्याहून जास्त! युरोपच्या नाकावर टिच्चून, युरोपच्याच राजधानीत टांगलेले हे पान. पाहणाऱ्या साहेबांचे चेहरे पाहायला आम्हाला आवडले असते.

पण सर्वांत भेदक तक्ता आमच्या मते तो, ज्यात सबंध पान जवळजवळ काळे आहे. १७९० ते १८७० या काळात अमेरिकेतील कृष्णवर्णीयांत स्वतंत्र किती आणि गुलाम किती. खाली काळा डोंगर, वर हिरवी किनार. १७९० साली स्वतंत्र ८ टक्के. चाळीस वर्षांनी १४. मग पुन्हा कमी होत १८६० साली ११. सत्तर वर्षांत ती किनार कधी बोटभर वाढते, कधी आक्रसते. काळा डोंगर जागचा हलत नाही. आणि १८७० ला तो डोंगर कड्यावरून कोसळावा तसा सरळ खाली येतो. शंभर टक्के हिरवे. मधे यादवी युद्ध झाले, १८६५ ची घटनादुरुस्ती झाली. हळूहळू सुधारणा होईल, थोडा धीर धरा, असे सांगणाऱ्यांना ही हिरवी किनार दाखवावी.

आतापर्यंतचे वाचून कोणाला वाटेल की हा प्राध्यापक सुखाने टेबलाशी बसून रंग भरत होता. तसे नव्हते. एप्रिल १८९९ मध्ये अटलांटापासून काही कोसांवर सॅम होज नावाच्या कृष्णवर्णीय मजुराला जमावाने जिवंत जाळले. ते पाहायला अटलांटाहून खास आगगाड्या सुटल्या. डु बॉइस या प्रकरणी वर्तमानपत्राच्या कचेरीत एक समतोल, मुद्देसूद पत्र द्यायला निघाले होते. वाटेत त्यांना कळले की होज संपला आहे आणि त्याच्या बोटांची हाडे पुढच्या रस्त्यावरच्या एका दुकानात मांडून ठेवली आहेत. ते तेथूनच मागे फिरले. पत्र दिले नाही. पुढच्याच महिन्यात त्यांचा दीड वर्षाचा एकुलता मुलगा घटसर्पाने गेला. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हे काम हाती आले.

हे कळल्यावर आम्ही ते तक्ते पुन्हा पाहिले. शहरांतील मालमत्तेच्या किमतीचा एक आलेख आहे. वर चढत जाणारी, मधेच घसरणारी एक रेघ. तिच्या आजूबाजूला, सालवार चौकटींत, लहान अक्षरांत शब्द लिहिले आहेत. राजकीय अशांतता. कु क्लक्स क्लॅनचा धुमाकूळ. नव्या उद्योगांची वाढ. झुंडीने केलेले खून. मताधिकार हिरावणे आणि जाचक कायदे. आपल्या खतावणीत शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. आकडा का हलला ते तेथे दोन शब्दांत लिहायचे असते. डु बॉइस यांनी तो शेरा आलेखाच्या पोटात लिहिला आहे. ना उद्गारचिन्ह, ना शिवी. ज्याने ती हाडांची बातमी ऐकली होती त्याच माणसाने रंगाचा ब्रश धुऊन, अक्षरे सारखी काढून, तो शब्द आपल्या जागी बसवला. आम्हाला ते वाचताना कापरे भरले.

निरक्षरतेच्या एका तक्त्यावर १८६० पासून दर दहा वर्षांची पट्टी आहे. शेवटची १९०० ची. त्या वर्षाची जनगणना अजून हाती यायची होती, म्हणून तेथे पन्नास टक्के असे लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकले आहे. स्वतःच्या समाजाच्या बाजूचा आकडा असूनही ठोकून दिला नाही. कारकुनी प्रामाणिकपणा म्हणतात तो हा.

तक्ते झाले, पण ते लावायला पॅरिसला जायचे कसे? डु बॉइस यांनी आत्मवृत्तात लिहिले आहे की काम पुरे होईतो तब्येत मोडायच्या बेतात आली होती, खिशात पैसे उरले नव्हते आणि बोटीवर केबिनही शिल्लक नव्हती. अखेर त्यांनी तळच्या स्वस्त वर्गाचे तिकीट काढले. आपल्या रेल्वेच्या जनरल डब्यासारखाच तो प्रकार. तेथे पोहोचून त्यांनी तक्ते बिजागऱ्यांच्या चौकटींत बसवले, वहीच्या पानांसारखे उलटता येतील असे. या दालनाला प्रदर्शनाचे मोठे पारितोषिक मिळाले आणि डु बॉइस यांना सुवर्णपदक.

तक्त्यांच्या शेजारी छायाचित्रे होती. जॉर्जियातल्या माणसांच्या अल्बममध्ये ३६३. त्यातील बरीच अटलांटाचे कृष्णवर्णीय छायाचित्रकार थॉमस अॅस्क्यू यांनी काढलेली. घरे, दुकाने, शाळा, आणि मुख्य म्हणजे चेहरे. इस्त्रीच्या कॉलरचे पुरुष, लेस लावलेल्या स्त्रिया, पुस्तक हाती घेतलेल्या मुली. काही माणसांचा फोटो एकदा समोरून आणि एकदा बाजूने घेतला आहे. त्या काळी गुन्हेगारांचे आणि 'मागास वंशां'चे फोटो असे दोन अंगांनी घेत. तीच पद्धत वापरून येथे सुसंस्कृत, ताठ मानेची माणसे बसवली आहेत. बघा, काय मोजायचे ते मोजा, असे जणू म्हणत.

ते फोटो पाहताना आम्हाला आमच्या वडिलांचा एकमेव स्टुडिओतला फोटो आठवला. मागे पडद्यावर रंगवलेला बंगला, अंगात शेजाऱ्याकडून मागून आणलेला कोट. कोटाच्या बाह्या आखूड. वडील गिरणीत होते. तो कोट त्यांनी फोटोपुरताच घातला. पण भिंतीवर आयुष्यभर तोच राहिला आणि आम्ही लहानपणी पाहुण्यांना तो अभिमानाने दाखवत असू.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकली, तीही लिहितो. या अल्बममध्ये अटलांटाच्या परटिणी जवळजवळ नाहीत. याच शहरातल्या कृष्णवर्णीय कपडे धुणाऱ्या बायकांनी १८८१ साली मजुरीसाठी मोठा संप केला होता. शहर त्यांच्या हातांवर चालत होते. प्रदर्शनात चेहरे दिसतात ते मुख्यतः शिकलेल्या, बरे कपडे परवडणाऱ्या घरांतले. त्या वेळी शत्रूला उत्तर द्यायचे होते म्हणून सर्वांत चांगले कपडे घातलेली माणसे पुढे केली, हे आम्ही समजू शकतो. आपणही तेच करतो. तरीपण ती लाल चकली, ते खेड्यातले सात लाख, त्यांचा चेहरा अल्बममध्ये फारसा नाही, तो तक्त्यातच आहे. शिवाय फोटोंखाली नावे नाहीत. ही सारी माणसे कोण, कोणाची, हे शोधायला आजच्या संशोधकांना कष्ट पडतात.

आणि या सगळ्याचा उपयोग काय झाला? हा प्रश्न आमच्या बैठकीत आला तसाच तेथेही आला असणार. पदक मिळाल्यावर सहा वर्षांनी, १९०६ मध्ये, अटलांटात कृष्णवर्णीयांवर मोठे हल्ले झाले, माणसे मारली गेली. १९०८ मध्ये जॉर्जियाने घटनादुरुस्ती करून त्यांचे मत जवळजवळ संपवले. तक्त्यांनी ते थांबले नाही. लोकांना सत्य माहीत नाही म्हणून ते असे वागतात, सत्य दाखवले की सुधारतील, असे डु बॉइस यांना आधी वाटे. पुढे त्यांनीच लिहिले की ती समजूत अपुरी होती. १९१० साली त्यांनी अटलांटा सोडले आणि न्यूयॉर्कहून 'द क्रायसिस' हे मासिक सुरू केले, चळवळीचे. पण आकडे त्यांनी सोडले नाहीत, चित्रेही सोडली नाहीत. त्या मासिकाची मुखपृष्ठे कृष्णवर्णीय चित्रकार करीत.

याच न्यूयॉर्कमध्ये १९१३ ते १९१६ बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले. आणि पुढे १९४६ साली त्यांनी डु बॉइस यांना पत्र लिहिले. आपण निग्रोंच्या प्रश्नाचे विद्यार्थी आहोत, तुमचे लेखन वाचत आलो आहोत, भारतातील अस्पृश्य आणि अमेरिकेतील निग्रो यांच्या स्थितीत एवढे साम्य आहे की हा अभ्यास आवश्यकच ठरतो, अशा आशयाचे. (त्या काळी 'निग्रो' हाच शब्द सर्व जण वापरीत, डु बॉइसही.) अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाला जे निवेदन दिले होते, त्याच्या प्रती बाबासाहेबांनी मागवल्या होत्या. डु बॉइस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी उत्तर दिले. तुमचे नाव मी अनेकदा ऐकले आहे आणि अस्पृश्यांविषयी मला पूर्ण सहानुभूती आहे, असे त्यात आहे. पत्रात या तक्त्यांचा उल्लेख नाही. पण रुपयाच्या प्रश्नावर आकड्यांचा डोंगर उपसून ग्रंथ लिहिणारा एक माणूस आणि चकलीत सात लाख माणसे बसवणारा दुसरा, यांना एकमेकांची ओळख सांगायची गरज पडली नसणार. ही दोन पत्रे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने जपून ठेवली आहेत. आणि तक्ते लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, कोणालाही पाहता येतात.

पुढच्या बैठकीला आम्ही मुलीची ती शीट घेऊन गेलो. म्हटले, फ्लेक्स एकच करू, बाबासाहेबांचा. बाकी पैशात ड्रॉइंग शीट आणि पोस्टर कलर आणू. पोरे घरोघर जाऊन विचारतील. आजी-आजोबा किती शिकले, आई-बाप किती, आपण किती. भाडे किती जाते, घर नावावर आहे का. नावाशिवाय, फक्त आकडे. ते विहाराच्या भिंतीवर लावू. अध्यक्ष म्हणाले, "काका, जयंतीला लोक आकडे बघायला येतात का?" एक कार्यकर्ता म्हणाला की आपली गरिबी आपणच भिंतीवर का टांगायची. हा मुद्दा काही खोटा नाही. आम्हालाही अॅस्क्यूचे इस्त्रीचे कॉलर आठवले. शेवटी निम्मे-निम्मे ठरले. फ्लेक्स लहान झाला, त्यावर सहा फोटो राहिले, आणि आतल्या भिंतीची एक बाजू पोरांना मिळाली.

गेल्या रविवारी पोरे वही घेऊन फिरली. बहुतेकांनी सांगितले. तिसऱ्या गल्लीतल्या आक्कांनी शिक्षणाच्या रकान्यात काही लिहू दिले नाही. "शाळेत गेले होते, पण किती दिवस ते मोजलं नाही," म्हणाल्या. मुलीने त्यांच्या नावाचा चौकोन रिकामा ठेवला आहे आणि आत पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले आहे. रंग भरायचा राहिला आहे. कोणाकडे जाड ब्रश असेल तर विहारात आणून द्यावा.